लॉगिनची विंडो लपवली तर प्रोग्राम मरत नाही, मिटवली तर सगळंच मरतं: काय करू?

खानापूरचा_कोडर

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या एका सोसायटीसाठी काउंटरचा प्रोग्राम करूलोय. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडो बनवायची डॉट नेटची सोय), डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. काउंटरवरचे कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहेत आणि ते बदलायचा ठराव काही पास होत नाही, म्हणून त्याच्या वर जाता येत नाही. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. ठेवी, कर्ज, पिग्मी (एजंट रोज गोळा करतात ती बचत), कीर्द (रोजचा जमाखर्च), सगळं नेहमीचंच. व्याज बरोबर येतंय, हिशेब जुळतोय. माझं घोडं अडलंय ते विंडो उघडण्या-मिटण्यात.

सुरुवातीला लॉगिनचा फॉर्म (म्हणजे विंडो) येतो. मेन फंक्शनमध्ये अ‍ॅप्लिकेशन.रन(न्यू लॉगिनफॉर्म()) आहे. पासवर्ड जुळला की मेनफॉर्मला शो आणि लॉगिनला हाइड. संध्याकाळी काउंटरच्या बाई कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून मेन फॉर्म मिटवतात. पडद्यावरून सगळं जातं, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस जिवंत. परत चालू केलं की दुसरी प्रोसेस उभी राहते, आणि पिग्मीचं मशीन ज्या कॉम ३ पोर्टवर लावतात तो पोर्ट पहिलीनं धरून ठेवलेला. 'पोर्टला प्रवेश नाही' असा एरर. (पोर्ट मी एका स्टॅटिक क्लासात उघडून ठेवतो.) एजंट लोक बाजार फिरून मशीन घेऊन आलेले, घरी जायची घाई, आणि बाई कॉम्प्युटर रीस्टार्ट करत बसलेल्या.

म्हणून हाइडच्या जागी क्लोज लिहिलं. तर लॉगिन मिटल्याबरोबर मेन फॉर्मसकट सगळंच गेलं.

दुसरं. कर्मचाऱ्यांत काहींना कानडी लेबलं पाहिजेत, काहींना मराठी. मेनूत 'भाषा' ठेवलीय. करंटयूआयकल्चर (पडद्यावरच्या भाषेचं सेटिंग) बदलतो, पण उघडा असलेला फॉर्म आहे तसाच राहतो. नवा मेन फॉर्म उघडून जुना मिटवायला गेलो की पुन्हा तेच नाटक.

तिसरं. मेन फॉर्मच्या फॉर्मक्लोजिंगमध्ये (विंडो मिटायच्या आधी चालतो त्या कोडमध्ये) 'कीर्द बंद केली काय?' असं विचारतो. 'नाही' म्हटलं की ई.कॅन्सल = ट्रू. परवा पावसात लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला, मॅनेजरांनी शटडाउन दाबलं आणि उठून गेले. विंडोज तिथंच थांबून राहिलं, एक प्रोग्राम अजून बंद व्हायचाय म्हणून. यूपीएसनं मान टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मला धरलं.

चौथं. पिग्मीचा डेटा आत घेताना विंडो पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मग बाई फुली दाबतात.

एकेका ठिकाणी ठिगळ लावता येईल. पण विंडो कधी यायची, कधी जायची याची काही रीत असते काय ओ?

(मोबाइलवरून लिहूलोय, कोडमधली नावं पण नागरीतच आहेत. समजून घ्या.)

---

शहापूरकर_काका

अरे, तुझे पहिले दोन प्रश्न एकच आहेत. तिसरा निराळा आहे आणि सोसायटीला महाग पडणारा तोच. तो मी सावकाश लिहितो. चौथ्यावर इथल्या निपाणीच्या बाई माझ्यापेक्षा नीट सांगतील.

रविवार पेठेतल्या अडत्यांची बिलं मी व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) मध्ये लिहीत होतो तेव्हापासून हे दुखणं बघतोय. भाषा बदलल्या, दुखणं तेच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात विंडो म्हणजेच प्रोग्राम असं बसलेलं असतं. तसं नाही. प्रोग्राम जगतो तो मेसेज लूपवर. कीबोर्डची कळ, माउसचा क्लिक, 'परत रंगव' असा निरोप, हे सगळं एका रांगेत येतं आणि लूप एकेक उचलून योग्य त्या विंडोला देतो. विंडो असल्या-नसल्या, लूप फिरतोय तोवर प्रोग्राम आहे.

फुली दाबल्यावर आत काय होतं ते एकदा समजून घे. विंडोला डब्ल्यूएम क्लोज हा निरोप जातो. ती नुसती विनंती असते. विंडोनं ऐकलं तर डिस्ट्रॉयविंडो होतं, मग डब्ल्यूएम डिस्ट्रॉय येतो आणि विंडो जाते. पण लूप थांबवायला कुणीतरी पोस्टक्विटमेसेज म्हणावं लागतं. ते म्हटलं की गेटमेसेज शून्य परत देतं आणि लूप सुटतो. विंडो जाणं आणि लूप सुटणं यांचा आपोआप काही संबंध नाही. तो संबंध कुणीतरी जोडून देतं.

तुझ्याकडे तो कुणी जोडला? तूच. अ‍ॅप्लिकेशन.रनला कंसात फॉर्म दिलास याचा अर्थ 'हा फॉर्म गेला की लूप सोड'. तू लॉगिन दिलास. म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा जीव लॉगिनच्या फॉर्ममध्ये. तो मिटवला की सगळं गेलं, यात नवल काय? आणि हाइड केलास म्हणजे अर्धं शटर ओढलं, मालक आतच बसलाय. बाहेरून वाटतं दुकान बंद, पण पोर्टची किल्ली त्याच्याच खिशात.

नेटवर याला उत्तर मिळतं, 'मेन फॉर्मच्या फॉर्मक्लोज्डमध्ये अ‍ॅप्लिकेशन.एक्झिट लिहा'. चालतं, पण मला पटत नाही. लपवलेला लॉगिन फॉर्म दिवसभर पोसायचा कशाला? दुसरं म्हणजे अ‍ॅप्लिकेशन.एक्झिट उघड्या असलेल्या प्रत्येक फॉर्मला फॉर्मक्लोजिंगमधून विचारतं, आणि एकानंही नकार दिला की बाहेर पडणं रद्द. मग चिडून लोक एन्व्हायर्नमेंट.एक्झिट लिहितात. ते कुणालाच विचारत नाही, फॉर्मक्लोजिंग चालतच नाही. व्हीबी ६ मध्ये 'एंड' नावाची ओळ होती, तिचं हेच. अनलोडसुद्धा न चालवता मान उडवायची. एखादा लपलेला फॉर्म मागे राहिला की ईएक्सई मेमरीतून हलत नसे, म्हणून जो तो 'एंड' टाकायचा, आणि अर्धवट फाइली मला निस्तराव्या लागायच्या.

नीट करायचं तर मेन फंक्शनलाच मालक कर. कुठली विंडो कधी, हे तिथं एका जागी लिहायचं:

पुढचं पुढे = पुढचं.लॉगिन;
व्हाइल (पुढे != पुढचं.संपव)
{
  इफ (पुढे == पुढचं.लॉगिन)
  {
    यूजिंग (व्हार लॉ = न्यू लॉगिनफॉर्म())
      इफ (लॉ.शोडायलॉग() != डायलॉगरिझल्ट.ओके) ब्रेक;
  }
  यूजिंग (व्हार मेन = न्यू मेनफॉर्म())
  {
    अ‍ॅप्लिकेशन.रन(मेन);
    पुढे = मेन.पुढे;
  }
}
पिग्मीपोर्ट.क्लोज();

'पुढचं' हा आपला साधा ईनम (ठरावीक नावांची यादी): संपव, लॉगिन, भाषा. मेनफॉर्मवर 'पुढे' नावाची प्रॉपर्टी, सुरुवातीला 'संपव'. बाईंनी फुली दाबली की फॉर्म जातो, रन परत येतं, 'पुढे' संपव आहे म्हणून लूप सुटतो, पोर्ट मिटतो, प्रोसेस जाते. लॉगआउटच्या मेनूत 'पुढे = लॉगिन' करून क्लोज म्हण. भाषेच्या मेनूत कल्चर बदल, 'पुढे = भाषा' कर, क्लोज म्हण. लॉगिन न मागता नवा मेन फॉर्म उभा राहील, कानडी लेबलांसकट. उघडलेला फॉर्म भाषा बदलत नाही याचं कारण लेबलं इनिशियलाइजकंपोनंट (फॉर्म बनतानाचा कोड) चालताना एकदाच भरली जातात. नवा फॉर्म बनवणं हाच सरळ मार्ग.

शोडायलॉगचं एक लक्षात ठेव. शो नं उघडलेला फॉर्म मिटवला की तो डिस्पोज होतो (कायमचा सोडून दिला जातो), त्यालाच परत शो म्हटलं की 'डिस्पोज झालेली वस्तू' असा एरर येतो. शोडायलॉगनं उघडलेला मिटवला की तो फक्त लपतो, कारण त्यात टाइप केलेलं तुला वाचायचं असतं. म्हणून तिथं यूजिंग पाहिजेच, ते शेवटी डिस्पोज करतं. लॉगिनच्या बटणाला डायलॉगरिझल्ट ओके लावून ठेवला असशील तर पासवर्ड चुकल्यावर फॉर्म मिटून जाईल. चुकला की क्लिकमध्येच धिस.डायलॉगरिझल्ट = डायलॉगरिझल्ट.नन कर, फॉर्म थांबतो.

---

निपाणी_नोड

काका, लूप छान आहे. दोन गोष्टी राहिल्या.

लॉगिन मिटल्यावर आणि मेन यायच्या आधी आपल्या प्रोग्रामची एकही विंडो पडद्यावर नसते. मागे एक्सेल उघडं असेल तर विंडोज फोकस त्याला देऊन टाकतं, आणि मेन फॉर्म कधीकधी त्याच्या मागे उघडतो. खाली टास्कबारवर केशरी चमकत बसतो, बाईंना वाटतं प्रोग्राम चालूच झाला नाही, त्या परत डबल क्लिक करतात. मेनफॉर्मच्या शोन इव्हेंटमध्ये धिस.अ‍ॅक्टिव्हेट() टाक. लोडमध्ये टाकून उपयोग नाही, लोडच्या वेळी फॉर्म अजून दिसलेलाच नसतो.

मी स्वतः अ‍ॅप्लिकेशनकॉन्टेक्स्ट वापरते. रनला फॉर्मऐवजी कॉन्टेक्स्ट द्यायचा. लॉगिन झालं की कॉन्टेक्स्ट.मेनफॉर्म = मेन, मग मेन.शो(), आणि शेवटी लॉगिन.क्लोज(). प्रोग्रामचा जीव लॉगिनमधून काढून मेनमध्ये घातला जातो, आणि मध्ये एक क्षणही पडदा रिकामा नसतो.

दुसरी गोष्ट. हे सगळं करूनही प्रोसेस मागे राहिली तर पिग्मीचा पोर्ट वाचायला न्यू थ्रेड (शेजारी समांतर चालणारं काम) बनवलायस काय ते बघ. असा थ्रेड जन्मतः फोरग्राउंड असतो. मेन फंक्शन संपलं तरी फोरग्राउंड थ्रेड चालू असेपर्यंत डॉट नेट प्रोसेस सोडत नाही. इजबॅकग्राउंड = ट्रू कर. टास्क.रन वापरलंस तर हा प्रश्न नाही, थ्रेड पूलचे थ्रेड बॅकग्राउंडच असतात.

---

शहापूरकर_काका

थ्रेडचं बरोबर बोललात बाई, ते मी लिहायलाच हवं होतं. कॉन्टेक्स्टचं मात्र माझं तुमचं जमणार नाही. ट्रेमध्ये (खाली घड्याळाशेजारी) बसणारा प्रोग्राम असेल, मुख्य विंडोच नसेल, तर कॉन्टेक्स्ट हवाच. पण सोसायटीच्या काउंटरला मेनमधला लूप पुरतो. उद्या हा पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर मागून येणाऱ्यानं ती फाइल वरून खाली वाचावी आणि त्याला कळावं. इव्हेंटच्या मागे इव्हेंट शोधत हिंडायला लागू नये.

---

खानापूरचा_कोडर

काका, मॅडम, लूप बसवला. प्रोसेस तरी राहतच होती, आणि मॅडम म्हणतात तो थ्रेडच निघाला. न्यू थ्रेड होता. आता फुली दाबली की टास्क मॅनेजरमधून लगेच जातंय, पोर्ट मोकळा.

भाषा पण बदलते, पण एक गंमत होऊलीय. 'कानडी' निवडलं की आधी 'कीर्द बंद केली काय?' विचारतं. क्लोज मी कोडमधून म्हणूलोय, फुली कुणी दाबलीच नाही. हे युजरचं मिटवणं कसं धरलं?

---

शहापूरकर_काका

कारण विनफॉर्म्सला फरक कळत नाही. ई.क्लोजरीझन बघ, फुली दाबली तरी युजरक्लोजिंग आणि तू कोडमधून क्लोज म्हटलंस तरी युजरक्लोजिंग. व्हीबी ६ च्या क्वेरीअनलोडमध्ये फुलीचा आकडा ० होता आणि कोडचा १, वेगवेगळे. विंडोज बंद होतंय तर २, टास्क मॅनेजर ३. नव्यात एवढं तरी ठेवायचं होतं! असो. तुझ्याकडे 'पुढे' आहेच. 'पुढे' भाषा असेल तर विचारू नको. लॉगआउटला विचारायचं की नाही ते मॅनेजरांना विचार.

आता तुझा तिसरा प्रश्न, तो यातूनच सुटतो. नेटवर जुने नमुने क्लोजिंग या इव्हेंटचे आहेत. त्यात कारण कळायची सोयच नव्हती. २००५ साली डॉट नेट २ बरोबर फॉर्मक्लोजिंग आला आणि त्यात क्लोजरीझन मिळाला. तो वाचायचाच, न वाचता ई.कॅन्सल = ट्रू लिहायचं नाही. शटडाउनच्या वेळी तिथं विंडोजशटडाउन येतं.

शटडाउनला विंडोज प्रत्येक प्रोग्रामला डब्ल्यूएम क्वेरीएंडसेशन पाठवून विचारतं, बंद करू का? विनफॉर्म्स तेव्हा तुझा फॉर्मक्लोजिंग चालवतं. तू कॅन्सल केलंस म्हणजे नाही म्हणालास. विंडोज व्हिस्टापासून पुढे अशा वेळी पडद्यावर तुझ्या प्रोग्रामचं नाव येतं आणि 'सक्तीनं बंद करा' किंवा 'राहू द्या' यातलं एक कुणीतरी निवडेपर्यंत सगळं अडतं. मॅनेजर उठून गेलेले. मेसेज बॉक्स दाखवून बसलास तरी तेच, कारण उत्तर द्यायला समोर कुणी नाही, आणि विंडोज उत्तराची वाट साधारण ५ सेकंद बघतं, मग तुला अडेल प्रोग्राम ठरवतं.

म्हणून विंडोजशटडाउन आलं की काही विचारायचं नाही. अर्धवट व्हाउचर असेल तर ते मसुदा म्हणून टेबलात टाकायचं आणि होय म्हणून निघायचं. उद्या सकाळी लॉगिन झाल्यावर 'कालचं एक व्हाउचर अपुरं आहे' असं दाखव. जे वाचवायचं ते फॉर्मक्लोजिंगमध्येच वाचव. रन संपल्यावरच्या ओळी शटडाउनमध्ये चालतील याची खात्री नाही, डब्ल्यूएम एंडसेशन येऊन गेल्यावर विंडोज प्रोसेस कधीही संपवू शकतं. आणि उलटही: फॉर्मक्लोजिंगमध्ये पोर्ट मिटवू नको, कारण दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामनं नकार दिला तर शटडाउन रद्द होतं, तुझा फॉर्म जिवंत राहतो आणि त्याच्या हातात मेलेला पोर्ट. मिटवायची कामं फॉर्मक्लोज्डमध्ये किंवा रन परत आल्यावर. पोर्टचं म्हणशील तर प्रोसेस गेली की विंडोज तो स्वतःच सोडवून घेतं.

पण खरं सांगू काय? कीर्द बंद झाली की नाही, हे विंडो मिटण्यावर टांगूच नको. खानापूरच्या पावसात लाईट यूपीएसला न जुमानता गेली तर फॉर्मक्लोजिंग, क्लोजरीझन कशालाच काही विचारलं जात नाही. टास्क मॅनेजरमधून एंड प्रोसेस केलं तरी नाही. दिवसअखेर हे बाईंनी बटण दाबून करायचं काम आहे. टेबलात तारखेसमोर 'बंद' लिहिलं गेलं तर झालं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिली पावती फाडायच्या आधी प्रोग्रामनं अडवावं. अडवायची जागा सकाळी उघडताना. संध्याकाळी निघालेल्या माणसाला अडवून कुणाचंही भलं होत नाही, तो कसाही करून निघतोच.

---

सहावं_सेम

मध्येच विचारतो, सॉरी. मी पायथनमध्ये पायक्यूटीवर मिनी प्रोजेक्ट करतोय. मेन विंडोवरच्या बटणाच्या क्लिकमध्ये दुसरी विंडो बनवून शो म्हणतो, ती क्षणभर दिसते आणि गायब. एरर काहीच नाही. हा पण मेसेज लूपचाच प्रॉब्लेम का?

---

निपाणी_नोड

नाही, तुझा लूप ठीक आहे. विंडो फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलीयस. फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं, पायथननं वस्तू सोडली, तिच्याबरोबर विंडो गेली. सेल्फ.दुसरी = दुसरीविंडो() असं लिही, म्हणजे तिला धरून ठेवणारं कुणीतरी राहील. आणि क्यूटीमध्ये शेवटची दिसणारी विंडो मिटली की अ‍ॅप्लिकेशन आपोआप संपतं, क्विटऑनलास्टविंडोक्लोज्ड मुळात ट्रू असतो. ट्रेवर बसवायचं असेल तर तो फॉल्स कर. बाकी नवीन धागा काढ, इथं याची पिग्मी अजून व्हायचीय.

---

सहावं_सेम

झालं! थँक्यू मॅडम. डब्ल्यूपीएफमध्ये (डॉट नेटची विंडो बनवायची दुसरी सोय) पण असंच असतं का?

---

शहापूरकर_काका

डब्ल्यूपीएफमध्ये शटडाउनमोड नावाची सोय आहे: शेवटची विंडो मिटल्यावर, मुख्य विंडो मिटल्यावर, किंवा स्पष्ट सांगितल्यावरच. न सांगता शेवटची विंडो धरतात. म्हणून तिथं स्टार्टअपला लॉगिन शोडायलॉग करून मिटवलं की मेन उघडायच्या आधीच प्रोग्राम संपतो, आणि पोरं डोकं धरून बसतात. आधी ऑनएक्स्प्लिसिटशटडाउन ठेवायचं, मेन दिसली की बदलायचं. आता जा, अभ्यास कर.

---

निपाणी_नोड

खानापूर, तुझं चौथं.

विंडो पांढरी पडते कारण पिग्मी वाचणारा कोड तू बटणाच्या क्लिकमध्येच चालवतोयस. क्लिक संपेपर्यंत लूप पुढचा निरोप उचलत नाही, 'परत रंगव' सुद्धा नाही. ५ सेकंद विंडोनं रांगेकडे बघितलं नाही की विंडोज तिला अडकलेली धरतं आणि तिच्या जागी तिची नक्कल उभी करतं. बाई जी फुली दाबतात ती त्या नकलेची. मग विंडोज विचारतं, प्रोग्राम संपवू का? त्या होय म्हणतात. त्यांचं काही चुकलेलं नाही.

काकांच्या काळात यावर अ‍ॅप्लिकेशन.डूइव्हेंट्स पेरायचे. तू पेरू नकोस. त्यानं रांग मोकळी होते खरी, पण बाईंचा दुसरा क्लिकही त्याच रांगेतून येतो आणि अर्धी आयात झालेली असताना तीच आयात परत सुरू होते. एकाच खात्यावर दोनदा पिग्मी.

क्लिकला असिंक कर, म्हणजे काम मागे चालतं आणि लूप मोकळा राहतो. पहिल्या ओळीत बटण बंद. मग अवेट टास्क.रन आणि त्यात पोर्ट वाचणं, टेबलात लिहिणं. त्यातून लेबलला हात लावायचा नाही, दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोलला हात लावलास की डीबगमध्ये विनफॉर्म्स एरर देतं. किती ओळी झाल्या ते दाखवायला प्रोग्रेस वर्ग वापर. तो फॉर्मच्या थ्रेडवर बनवला की त्याचे निरोप फॉर्मच्या थ्रेडवरच येतात. शेवटी बटण परत चालू.

आता फुलीचं. आयात चालू असताना विंडो मिटली तर अवेटनंतरच्या ओळी डिस्पोज झालेल्या फॉर्मवर चालतील. म्हणून फॉर्मक्लोजिंगमध्ये आयात चालू असेल आणि कारण युजरक्लोजिंग असेल तर ई.कॅन्सल = ट्रू, कॅन्सलेशन टोकनला (चालू काम थांबवायची खूण) कॅन्सल म्हण, 'मिटायचंय = ट्रू' करून ठेव. अवेट परत आलं की 'मिटायचंय' बघून तूच क्लोज म्हण. कारण विंडोजशटडाउन असेल तर थांबवू नकोस, जाऊ दे. एका मशीनची पूर्ण आयात एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जाईल, नाहीतर काहीच नाही) ठेवलीस तर कनेक्शन तुटल्यावर एसक्यूएल सर्व्हर ती परत फिरवतो. पण मशीनमधला डेटा कमिट (पक्का) झाल्यावरच पुसायचा, आधी नाही.

---

शहापूरकर_काका

डूइव्हेंट्सवरून टोमणा पोचला.

एक पुरवणी. कुठलाही मेसेज बॉक्स दाखवताना पहिला पॅरामीटर धिस दे, आणि छोट्या विंडोंना शो(धिस). मालक सांगितला की ती विंडो मालकाच्या वरच राहते, तो मिनिमाइझ झाला की तीही जाते, तो मिटला की तीही मिटते. न सांगता उघडलेला बॉक्स मागे लपतो आणि काउंटरवरून फोन येतो, 'ओ, कॉम्प्युटर हँग झालाय, कुठं दाबलं तरी काय होत नाही.' मागे कुठेतरी 'ओके' वाट बघत असतो.

---

खानापूरचा_कोडर

असिंक करून आणला. बारा-पंधराशे ओळींचं मशीन असलं तरी विंडो हलतेय, आकडा वाढताना दिसतो, बाई खूश. शटडाउन पण करून बघितलं, व्हाउचर अर्धं सोडून. मसुद्यात पडलं, अडलं नाही. दिवसअखेरचं बटण मॅनेजरांना दाखवलं, ते म्हणूलेत हेच पाहिजे होतं, पण सकाळी अडवायच्या ऐवजी नुसतं लाल पट्टीत दाखवा. मी अडवणारच ठेवलंय.

एक शेवटचं. बाईंना डबल क्लिकची सवय आहे, प्रोग्रामची दोन रूपं उघडतात. दुसरं उघडूच नये असं करता येतं काय? म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) म्हणून वाचलं, मेन फंक्शनच्या सुरुवातीला घातला, डीबगमध्ये बरोबर चालतो, सोसायटीत नेला की कधी अडवतो कधी नाही.

---

निपाणी_नोड

म्युटेक्स मेनमध्ये लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलायस आणि खाली कुठं परत वापरला नाहीयस, बरोबर? रिलीज बिल्डमध्ये गार्बेज कलेक्टर (न लागणाऱ्या वस्तू मेमरीतून काढणारा) शेवटच्या वापरानंतर तो उचलू शकतो, फंक्शन संपायची वाट बघत नाही. डीबगमध्ये तो फंक्शन संपेपर्यंत धरला जातो म्हणून तुला दिसलं नाही. सगळा व्हाइल लूप यूजिंग (म्युटेक्स) च्या आत घाल. आणि दुसरं रूप उघडायला गेलं तर नुसतं गप्प बंद होऊ देऊ नकोस, आधीचं जे आहे ते पुढे आण, नाहीतर बाई तिसऱ्यांदा क्लिक करतील.

---

खानापूरचा_कोडर

होय की, लोकलच होता. यूजिंगमध्ये घातला. पुढे आणायचं कसं ते शोधतो, नाही सापडलं तर परत येतो.